दुसरं मांजर आणायचं का? आधी पहिलं कशानं गेलं ते बघा

मांजर गेलं की आठवडाभरात दोन सल्ले दारात येतात. एक, "काहून हो काकू, दुसरं नाही आणत का? पिल्लं तर गल्लीतच फिरून राहिली." दुसरा, "आता नको बाप्पा, जीव लागते अन् मंग त्रास होते." दोन्ही सल्ले मनाचे आहेत, आणि मन किती दिवसांत सावरेल ते ज्याचं त्यानं ठरवावं. घराचा हिशेब मात्र करता येतो, आणि तो फारसं कुणी करत नाही. आधीची मांजरं कशानं गेली? ते कारण अजून घरात आहे का?

एकामागून एक दोन-तीन मांजरं गेली की "आमच्या घराला मांजर लाभत नाही" असं म्हणून विषय बंद होतो. अशा घरात बहुतेक वेळा एखादं साधं कारण तसंच बसलेलं असतं: फरशीच्या फटीत विषाणू, बाल्कनीला अर्धवट जाळी, शेजारच्या दुकानात उंदराचं औषध. कारण सापडलं की ते काढता येतं, किंवा काढता येत नाही एवढं तरी कळतं.

सुरुवात डॉक्टरांकडच्या जुन्या कागदांपासून करा. शेवटच्या आजारपणात रक्त तपासलं असेल तर तो रिपोर्ट मागून घ्या. पिल्लाला उलट्या-जुलाब होते आणि पांढऱ्या पेशी २००० च्या खाली गेल्या होत्या, तर संशय पॅनल्युकोपेनियाचा, ज्याला लोक मांजरांचा पार्वो म्हणतात. म्हातारं मांजर वाळत गेलं, पाणी खूप प्यायचं, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की वाढतं ते) वाढलं होतं, तर किडनी. वर्ष-दीड वर्षाच्या मांजराचं पोट पाण्यानं फुगलं आणि ताप उतरलाच नाही, तर एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोनाविषाणूतून उद्भवणारा जीवघेणा आजार. कागद नसतील तर लक्षणं तारखेनुसार लिहून काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि मांजर नुकतंच, अचानक गेलं असेल, तर शवविच्छेदनाचा मार्ग असतो. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आधी फोन करून विचारावं. तोवर शरीर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासणीत काही दिसत नाही. मे महिन्यात बाहेर ठेवलेलं शरीर काही तासांत निरुपयोगी होतं.

पॅनल्युकोपेनिया असेल तर घाई अजिबात नको. हा विषाणू घरात वर्षभर जिवंत राहू शकतो. नागपूरचं ऊन त्याला मारेल अशी आशा असते, पण पलंगाखाली आणि सोफ्याच्या कापडात ऊन पोचत नाही. फिनाईलवर भरवसा ठेवू नका. त्यानं हा विषाणू खात्रीनं मरत नाही, आणि फिनॉलवर्गातली सगळी जंतुनाशकं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. पाण्यात टाकताच पांढरी होणारीही त्यातच आली. अल्कोहोलचं सॅनिटायझरही इथे कुचकामी.

चालतं ते साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ५ ते ६ टक्के लिहिलं असेल तर १ भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, म्हणजे एक लिटर पाण्यात सुमारे ३० मिली. ताकद निम्मी असेल तर ब्लीच दुप्पट. आधी साबणाच्या पाण्यानं फरशी घासून, धुऊन, कोरडी करायची. मळ राहिला की ब्लीच त्या मळावरच खर्च होतं. मग द्रावण टाकून १० मिनिटं ओलं राहू द्यायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं, पोछा मारून लगेच पुसून घेतात. आपल्याकडे उन्हाळ्यात फरशी दोन मिनिटांत वाळते, म्हणून पंखा बंद ठेवून पुन्हा पुन्हा ओली करावी लागते, पण खिडक्या उघड्या ठेवून. द्रावण रोज ताजं करा, कालचं उरलेलं ओतून द्या. मांजराच्या लघवीवर थेट ब्लीच कधीच टाकू नका, त्यातून घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा विषारी वायू निघतो. जुना लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचा डबा), लाकडी खाजवणी, गादी, टोपली हे धुऊन वापरण्याच्या भानगडीत पडू नये, टाकून द्यावं. स्टीलची भांडी तेवढी ब्लीचमध्ये बुडवून ठेवता येतात.

इतकं करूनही अशा घरात लस न झालेलं पिल्लू आणू नये. लस पूर्ण झालेलं मोठं मांजर आणावं. पिल्लूच हवं असेल तर ते दुसऱ्याच घरी वाढू द्या: सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा १६ आठवड्यांचं झाल्यावर. हा शेवटचा डोस लोक हमखास चुकवतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निकामी करू शकते, म्हणून "दोन डोस झाले होते तरी गेलं" असं ऐकू येतं.

बाकी विषाणूंचं गणित वेगळं आहे. मांजरांच्या ल्युकेमियाचा (रक्ताच्या कॅन्सरचा) विषाणू अंगाबाहेर, कोरड्या जागी, फार टिकत नाही, त्यामुळे घराची भीती नाही. भीती मागे राहिलेल्या मांजराची. दोघं एकमेकांना चाटत होती, एका वाटीत खात होती, तर त्याचं रक्त आधी तपासा. थेंबभर रक्तात होणारी किट-चाचणी असते, १० मिनिटांत निकाल. नुकताच संसर्ग झाला असेल तर ती चुकवू शकते, म्हणून महिन्याभरानं पुन्हा करायची. एफआयपीमागचा कोरोनाविषाणू विष्ठेतून पसरतो आणि कोरड्यात सात आठवड्यांपर्यंत टिकतो, म्हणजे दोन महिने थांबणं आणि नवा लिटर बॉक्स एवढं पुरतं. शिवाय "एफआयपी म्हणजे संपलं" ही गोष्ट आता जुनी झाली, जीएस-४४१५२४ या औषधानं बहुतेक मांजरं बरी होतात. गजकर्ण झालं असेल तर मात्र चिवट काम आहे, त्याची बीजं केसांना चिकटून वर्षाहून जास्त टिकतात. तिथे ब्लीचच्याही आधी व्हॅक्यूम क्लीनर हवा.

अपघातानं गेलेल्या मांजराबद्दल घरचे लवकर कबूल करत नाहीत. फ्लॅट असेल तर बाल्कनीत उभं राहून बघा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजरासाठी नसते. ती नखांनी उसवते आणि आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत कडक होऊन हातानं तुटते. इंचभर भोकांची वेल्ड केलेली तारेची जाळी, चारही बाजूंनी चौकटीत. ग्रिलच्या दोन गजांमधून पिल्लाचं डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच. मार्चमध्ये खिडकीत कूलर बसवतात तेव्हा दोन्ही बाजूंना उरलेल्या फटीत पुठ्ठा कोंबतात. मांजर तो एका पंजात पाडतं. तिथे प्लायवूड स्क्रूनं लावा. कूलर लोखंडी असेल तर अर्थिंगही तपासून घ्या, टाकीतलं पाणी प्यायला मांजर तिथेच जातं.

विषाबद्दल शेजाऱ्यांना सरळ विचारावं: उंदरांसाठी कुणी काय टाकतं, आणि सोसायटीचं पेस्ट कंट्रोल कधी होतं. ब्रोमॅडिओलोन हे उंदराचं औषध पोटात गेलं तर रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो, व्हिटॅमिन के१ वेळेत मिळालं तर मांजर वाचतं. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या औषधाला उताराच नाही. घरातलं औषधाचं कपाटही पाहा. माणसाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते, आणि कुत्र्यांच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषध मांजराच्या मानेवर लावलं की झटके येतात. मांजर रस्त्यावर गाडीखाली गेलं असेल आणि घराची रचना अशी असेल की दार दिवसभर उघडंच राहतं, महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत असतं तसं, तर मी स्पष्ट सांगेन: दाराला स्प्रिंगचं जाळीचं दार लागेपर्यंत दुसरं आणू नका.

बोका लघवी अडकून गेला असेल, तर पुन्हा बोका आणताना विचार करा. नुसतं कोरडं खाणं, ४५ अंशांची गर्मी आणि पाण्याची एकच वाटी, हे तिन्ही जमलं की हा आजार आलाच समजा. ओलं खाणं, तीन-चार ठिकाणी पाणी, लिटर बॉक्स स्वच्छ. आणि बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये बसून कुंथतोय पण थेंब नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही, दिवस-दोन दिवसांत जीव जातो. किडनीनं गेलेल्या म्हाताऱ्या मांजराबद्दल मात्र स्वतःला फार दोष देऊ नये. किडनीचं सुमारे तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन वर येतच नाही. पुढच्या मांजराचं सात वर्षांनंतर दरवर्षी रक्त-लघवी तपासायचं, एवढंच त्यातून घ्यायचं.

घरात दुसरं मांजर मागे राहिलं असेल तर "त्याला सोबत म्हणून" लगेच नवीन आणायची कल्पना सगळ्यांना सुचते. ते ओरडतं, घर शोधत फिरतं, खात नाही. यातलं न खाणं धोक्याचं: दोन दिवस पोटात काही नाही, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, तर यकृतात चरबी साठू लागते. आधी डॉक्टर, मग त्याचं खाणं-पिणं पूर्ववत होऊ द्या, आणि मगच नवं. वय दहाच्या पुढे असेल तर पिल्लू आणणं म्हणजे आजोबांच्या खोलीत दिवसभर क्रिकेट. शांत, मोठं, नसबंदी झालेलं मांजर आणा. नव्याला वेगळी खोली, आठवडा-दोन आठवडे दार बंद, रोज पांघरुणांची अदलाबदल, मग दाराच्या फटीतून दोन्हीकडे खाणं. लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त.

वयाचा हिशेब माणसाचाही करावा लागतो. घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं. पोरं पुण्याला, घरात दोघंच, वय पासष्टीचं, तर पिल्लू घेण्याआधी ते पुढे कोण सांभाळेल ते त्या माणसाला विचारून ठरवा. सहा-आठ वर्षांचं मांजर अशा घराला छान जमतं, आणि अशांना घर मिळायलाही फार वेळ लागतो. पर्शियनचा मोह टाळावा, चपट्या नाकानं नागपूरचा नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, झेपत नाही. कूलरही जूनमध्ये हवा दमट झाली की गार करत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते उष्माघाताचं लक्षण आहे. साधं पाणी अंगावर, पंखा, आणि दवाखाना, बर्फ नाही. मला विचाराल तर दिवाळीचे फटाके संपल्यापासून होळीपर्यंतचा काळ मांजर घरी रुळवायला सगळ्यात बरा.

ठरत नसेल तर कायमचं घेऊ नका, सांभाळायला घ्या. प्राणिमित्रांना पिल्लं घरी ठेवणारी माणसं पावसाळ्यात कायम हवी असतात. महिना-दीड महिन्यात कळतं की रात्री तीनला उठायची तयारी आहे का, आणि जुन्या मांजराशी सारखी तुलना होते का. वर लिहिलेल्या पॅनल्युकोपेनियाच्या घरांना हाही मार्ग तूर्त बंद.

उत्तर "नको" आलं तर उरलेलं सामान तसंच कुणालाही देऊ नका. किडनीचं खास खाणं वाढत्या पिल्लांना चालत नाही, त्यात प्रथिनं कमी असतात. ते तशाच आजारी मांजराच्या घरी द्यावं. अर्धवट औषधं डॉक्टरांकडे परत. न उघडलेली पाकिटं आणि पिंजरा गल्लीतल्या मांजरांची नसबंदी करून घेणाऱ्यांना द्या, त्यांना पकडून नेण्यासाठी पिंजरा नेहमी कमी पडतो.