साहेबाचा साहेब कोण?

परभणी जिल्ह्यातल्या ज्या साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो, तिथं ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारी आकृती, ही हजेरी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसची कायमची डोकेदुखी. कुणी रिटायर झालं की एक्सेलमधला चौकोन पुसा, बाकीचे सरकवा, रेघा पुन्हा जोडा. शेवटी एमडी साहेब वैतागले आणि काम माझ्याकडं आलं.

शीट साधी केली. प्रत्येकाची एक ओळ: टोकन नंबर, नाव, पद आणि साहेबाचा टोकन नंबर. ज्याचा साहेबाचा रकाना कोरा, तो सगळ्यात वर. मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, तिथून खाली उतरतो, प्रत्येकाच्या हाताखालचे शोधतो, मग त्यांच्या हाताखालचे. एक्सेलमधल्या तयार आकृत्यांना, म्हणजे स्मार्टआर्टला, मॅक्रोतून हात लावता येतो, पण तो २०१० च्या आवृत्तीपासून, आणि माणसं शेकड्यांनी असली की ते फार रेंगाळतं. त्यामुळं मी सरळ चौकोन आणि कनेक्टर वापरले. चौकोनाला चार जोडबिंदू असतात, १ वर आणि ३ खाली. साहेबाच्या ३ मधून रेघ काढून हाताखालच्याच्या १ ला लावली की चौकोन हलवला तरी रेघ सुटत नाही. एक त्रास मात्र आपल्या भाषेचाच: मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरमध्ये 'रिक्त पद' टाइप केलं की नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. असे शब्द वेगळ्या शीटच्या सेलमध्ये ठेवून तिथून वाचायचे.

चार्ट निघाला, एकही एरर नाही. ए-थ्री कागदावर काढून एमडींच्या केबिनमध्ये मांडला. मुख्य शेतकी अधिकारी चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"लई देखणा झालाय. पण आमचा केन यार्ड कुठाय? ऊस काय वाऱ्यावर येतो का?"

खरंच नव्हता, उसाच्या गाड्या येऊन थांबतात ते आवारच नाही. यार्ड सुपरवायझर नाही, त्याच्या हाताखालचे नाहीत, गावाकडच्या उसाची नोंद ठेवणारं एक अख्खं गट ऑफिससुद्धा गायब. शीटमध्ये मात्र सगळ्यांच्या ओळी जागच्या जागी होत्या.

जागेवर येऊन उलटा शोध लावला. यार्डातला एक हंगामी क्लार्क धरला आणि त्याच्या साहेबाकडून साहेबाच्या साहेबाकडं, असं वर चढणारं लूप लिहिलं. एक्सेल थिजलं. एस्केप दाबून कोड थांबवला, एफ-८ नं एकेक ओळ पुढं नेली आणि कर्सर व्हेरिएबलवर धरला. ४१२. पुढं ३७७. पुढं ४१२. पुन्हा ३७७. यार्ड सुपरवायझरचा साहेब गट अधिकारी आणि गट अधिकाऱ्याचा साहेब यार्ड सुपरवायझर. दोघं एकमेकांच्या खाली, त्यामुळं एमडीपासून खाली उतरणारी वाट त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

मला वाटलं टायपिंगची चूक असेल. दोघांना बोलावलं.

"चूक कामून असंल?" यार्डवाले म्हणाले. "हंगामात कोणती गाडी कोणत्या फडातून कधी आणायची हे मी सांगतो. मग गटवाले कोणाचं ऐकणार?"

गट अधिकारी हसले. "आणि पट्टा पडला, गाळप संपलं की हेच आमच्या गटात ऊसनोंदीला येतात. तवा सही कोणाची घेतात, विचारा की."

यार्डाचा तक्ता पावसाळ्यात भरला गेला होता, गटाचा ऐन गाळपात. दोन्ही खरे. कागदावर कुणी लिहिलेलं नसलं तरी कारखाना वर्षानुवर्षं असाच चालत होता, आणि हातानं काढलेल्या चार्टमध्ये टाइम ऑफिस दोघांना शेजारी-शेजारी बसवून मोकळं व्हायचं. मॅक्रोला असली तडजोड जमत नाही. मला तरी तो त्याचा गुणच वाटतो.

आता साहेबाचे दोन रकाने आहेत, हंगाम आणि बिगर हंगाम. वरच्या एका सेलमध्ये निवड करायची, त्याप्रमाणं चार्ट बदलतो. काढण्याआधी तपासणी चालते: प्रत्येकापासून वर चढताना पायऱ्या मोजायच्या, आणि शीटमध्ये माणसं आहेत त्याहून त्या जास्त झाल्या तर ती ओळ लाल करून थांबायचं.

तपासणी पहिल्यांदा चालवली तेव्हा आणखी एक ओळ लाल झाली. एमडींच्या पीएनं साहेबाच्या रकान्यात स्वतःचाच टोकन नंबर टाकलेला. एमडींना दाखवलं तर म्हणाले, "राहू द्या, खरं तेच आहे." मॅक्रो काही राहू देईना, म्हणून पीएला बोलावून नंबर बदलून घेतला.