वनदेवीचा लूक: आधी मुकुट, मग मेकअप

डोहाळजेवणाला ‘वनदेवी’ थीम हवी म्हणून क्लायंट जे फोटो पाठवते, त्यांत बहुतेक वेळा कपाळभर पानं, वाळक्या फांद्या आणि गालांवर सोनेरी ठिपके असतात. फोटोशूटला ते चालून जातं. डोहाळजेवणात पाच-सात सवाष्णी कपाळाला हळदकुंकू लावणार, औक्षणाचं निरांजन चेहऱ्याजवळून फिरणार, डोक्यावर अक्षता पडणार, आणि कोणी ना कोणी हौसेनं आणखी एक गजरा माळणारच. त्यामुळे कपाळाचा मधला तीन बोटं रुंद भाग मोकळा ठेवायचा आणि फुलांच्या मुकुटाचा भरगच्चपणा कानांच्या वर न्यायचा. अंबाड्याच्या डाव्या बाजूला गजऱ्यापुरती जागा सोडायची. पंपास गवत, वाळवलेली फुलं समोरच्या बाजूला अजिबात नकोत. ती पटकन पेट घेतात, आणि केसांवर हेअरस्प्रे असतोच.

फुलांचं बोलणं वासापासून सुरू करा. निशिगंध, मोगरा दुरून छान वाटतात. गरोदर बाईच्या नाकाजवळ चार तास राहिले तर मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. तिला आधीच विचारायचं. नको म्हणाली तर डेंड्रोबियम ऑर्किड घ्या, त्याला वास जवळजवळ नसतो. जिप्सो (बारीक पांढरी फुलं) दिसायला निरागस, पण ओला राहिला की कुबट वास मारतो, म्हणून अगदी थोडाच. कण्हेर विषारी आहे. रुई, पॉइन्सेटिया यांचा पांढरा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो. ही तिन्ही कितीही सुंदर दिसली तरी डोक्यावर चढवायची नाहीत. शेवंतीचीही काहींना अ‍ॅलर्जी असते.

एका मुकुटाला साधारण २५ ऑर्किड, निशिगंध चालत असेल तर ४० कळ्या, ८-१० बटण शेवंती आणि कामिनीच्या दोन डहाळ्या पुरतात. दादरच्या फूलबाजारातून किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातून आदल्या दिवशी पहाटे माल आणायचा, देठ तिरके कापून निदान तीन तास पाण्यात ठेवायचा. मोगरा मात्र त्याच दिवशीचा. तयार मुकुट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवताना आत पिकलेले आंबे, केळी, सफरचंद नाहीत ना ते बघा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि ऑर्किड त्यानं लवकर माना टाकतात. मे महिन्यातल्या घरगुती फ्रिजमध्ये आंबे नसणं अवघडच, तेव्हा फळं आदल्या रात्री बाहेर काढायला सांगा.

सांगाड्याला १८ गेजची जाडसर तार. डोक्याचा घेर केस बांधून झाल्यावर मोजायचा. नुसत्या डोक्याच्या मापाचा मुकुट अंबाडा आणि पफनंतर वर चढतो. पूर्ण गोल करू नका. सुमारे ४० सेंटिमीटरची कमान, दोन्ही टोकांना कडी, कडीत अर्ध्या मीटरची रिबन, गाठ अंबाड्याखाली. मान सुजली, घाम आला, डोकं दुखलं की रिबन सैल करता येते. फुलांना २६ गेजची बारीक तार आणि त्यावर फ्लोरल टेप. नवखी मंडळी टेप नुसती गुंडाळतात आणि ‘चिकटतच नाही’ म्हणतात. ती ताणली की तिच्यातलं मेण मोकळं होतं आणि मगच पकड येते.

बांधणी मधोमधून दोन्ही कानांकडे न्यायची: मध्यावर बारीक कळ्या, पुढे ऑर्किड, कानावर शेवंती आणि पानं. प्रत्येक फूल आधीच्याचा देठ झाकतं. तारेची टोकं आत वळवून टेपनं बंद करा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात कानशिलावर ओरखडा. आतून वेलवेटची पट्टी लावली की मुकुट घसरतही नाही. वजन २०० ग्रॅमच्या आत ठेवा, आणि ते कानशिलावर न येता केसांवर यायला हवं. त्यासाठी चार ठिकाणी पिना फुलीसारख्या एकमेकींत अडकवायच्या.

मुकुट डोक्यावर धरून पाहिल्याशिवाय मेकअपचे रंग पक्के करू नयेत. बाजारात जांभळे ऑर्किड मिळाले की पांढरे, यावर डोळ्यांचा रंग बदलतो. गव्हाळ रंगावर फिकट हिरवी आयशॅडो राखाडी पडते. त्यामुळे पापणीच्या खोबणीत आधी तपकिरी, मग बाहेरच्या कोपऱ्यात बाटली-हिरवा आणि मधल्या भागावर जुन्या सोन्याचा रंग. तपकिरी गाळला तर हिरवा रंग मार लागून उठलेल्या वळासारखा दिसतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही: हिरव्या साडीची झाक हनुवटीखाली आणि मानेवर पडते आणि फोटोत चेहरा आजारी वाटतो. जबड्याच्या कडेला आणि मानेवर पीच ब्लशचा पातळ हात दिला की झाक तुटते.

या दिवसांत गालांवर वांग असणं नेहमीचंच. डाग झाकणारा पीच करेक्टर थोपटून पातळ लावा, वर फाउंडेशन. जाड थर दोन तासांत भेगाळतो. सगळ्या नव्या वस्तूंची पॅच टेस्ट कोपराच्या आतल्या बाजूला एक-दोन दिवस आधी घ्या. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेलं काहीही वापरू नका.

चेहऱ्यावर वेल हवीच असेल तर एकाच बाजूला, भुवईच्या टोकापासून गालाच्या हाडापर्यंत, पाच ते सात पानं. पाण्यात कालवायचा फेसपेंट मुंबई-कोकणातल्या दमटपणात ओघळतो. वॉटरप्रूफ हिरवा जेल लायनर बरा. शून्य किंवा एक नंबरचा गोल ब्रश टेकवून दाबा आणि उचलत ओढा, पान आपोआप टोकदार येतं. खरं पान गमानं चिकटवू नका, कडा तासाभरात काळ्या पडतात. हस्तकलेची चमकीही नको, डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

कपाळाच्या मोकळ्या भागावर फाउंडेशन नावापुरतं आणि पावडर जास्त, म्हणजे कुंकू सरकत नाही. नाकावर सांडलं तर कोरड्या पंख्याच्या ब्रशनं झटका. पुसलंत की लाल फराटा. क्लायंटला पाठ टेकायच्या खुर्चीत बसवा, आडवं झोपवून मेकअप नको, आणि दर अर्ध्या तासानं उठू द्या. बोटं सुजतात म्हणून वाडीतली (फुलांच्या दागिन्यांच्या संचातली) अंगठी आणि बाजूबंद बांधायचेच करा, गोल अडकवायचे नको.

उतरवताना आधी पिना, मग रिबन, मग मुकुट. लावलेल्या पिना मोजून ठेवा आणि काढलेल्याही मोजा, कारण क्लायंट लगेच आडवी होणार असते.