जंप टेबलमधला ऋण आकडा

अंधेरीच्या सीप्झमधील आमच्या कार्यालयात एका नव्या ३२-बिट प्रोसेसरसाठी एलएलव्हीएम या कंपायलर-संचावर आधारित बॅकएंड, म्हणजे त्या प्रोसेसरच्या सूचना निर्माण करणारा कंपायलरचा शेवटचा भाग, तयार होत होता. ठरावीक पत्त्यावर चालणाऱ्या प्रोग्रामच्या सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या आणि आता पोझिशन-इंडिपेंडंट कोड, म्हणजे मेमरीत कुठेही ठेवला तरी न बदलता चालणारा कोड, निर्माण करायचा होता, कारण त्यावाचून शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती लायब्ररी, नीट चालत नाही. जुन्या ३२-बिट एक्स८६ वर प्रोग्राम काउंटर, म्हणजे कोणती सूचना चालू आहे तिचा पत्ता, थेट वाचता येत नसल्यामुळे कॉल करून परतीचा पत्ता उचलावा लागतो. आमच्या प्रोसेसरमध्ये प्रोग्राम काउंटरमध्ये बेरीज करणारी स्वतंत्र सूचना होती, त्यामुळे ग्लोबल ऑफसेट टेबलपर्यंत, म्हणजे ग्लोबल चलांचे व फंक्शनांचे पत्ते ज्यात लोडर भरतो त्या तक्त्यापर्यंत, पोहोचणे सोपे गेले.

ग्राहकाची ध्वनी डीकोड करणारी पहिली खरी लायब्ररी मात्र त्या दिवशी सकाळी सुरू होताच कोसळली. डीबगरमध्ये प्रोग्राम काउंटर पत्त्यांच्या पल्ल्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे काहीच नव्हते अशा जागी दिसत होता. साहजिकच संशय ग्लोबल ऑफसेट टेबलवर गेला आणि दुपारपर्यंतचा वेळ त्यातील नोंदी तपासण्यात गेला. लोडरने प्रत्येक नोंद अचूक भरलेली होती. मग शेवटची सूचना पाहिली, तेव्हा ती कॉल नसून रजिस्टरमधील पत्त्यावरची उडी निघाली, आणि त्या फंक्शनमध्ये एक मोठा स्विच, म्हणजे मूल्य पाहून अनेक केसपैकी एक निवडणारी रचना, होता.

मोठ्या स्विचसाठी कंपायलर जंप टेबल, म्हणजे कोणत्या केससाठी कुठे उडी मारायची याचा तक्ता, बनवतो. साध्या कोडमध्ये त्यात प्रत्येक केसचा पूर्ण पत्ता असतो. पोझिशन-इंडिपेंडंट कोडमध्ये असे पत्ते ठेवले, तर लोडरला प्रत्येक नोंद पुन्हा लिहावी लागते, आणि मेमरीच्या ज्या पानांवर ती लिहिली जाते ती निरनिराळ्या प्रक्रियांना वाटून घेता येत नाहीत; म्हणून एलएलव्हीएम त्याऐवजी टेबलच्या आरंभापासून त्या केसपर्यंतचे अंतर ठेवते, जे लिंक करतानाच कायमचे ठरते. ‘तिसरी गल्ली’ एवढेच सांगून भागत नाही, कोणत्या स्टेशनपासून तेही सांगावे लागते, तसे नोंद वाचल्यावर तिच्यात टेबलचा पत्ता मिळवावा लागतो. आमच्या बॅकएंडमधील टेबलमार्गे उडी मारणारा भाग आधीच्या टप्प्यात लिहिलेला होता आणि तो नोंद वाचून थेट उडी मारत होता. ३२-बिट प्रोसेसरवर पत्ता आणि अंतर दोन्ही ४ बाइटचेच असल्यामुळे टेबलच्या आकारावरून काहीच उमगत नव्हते.

माझी सहकारी पडद्यावरच्या त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत होती. ती म्हणाली, “अरे, हा पत्ता नाहीच, हे अंतर आहे!” टेबल कोडनंतर, वरच्या पत्त्यावर ठेवलेले असल्याने अंतर ऋण होते आणि ऋण संख्या पत्ता म्हणून वाचली की प्रचंड दिसते. आम्ही तिच्यात टेबलचा पत्ता मिळवला, ३२ बिटांपलीकडचा हातचा सोडून दिला, आणि उत्तर नेमके अपेक्षित केसच्या पहिल्या सूचनेवर आले. इतक्या निखळ आनंदाचे क्षण या कामात क्वचित येतात. चाचण्यांतून हे का निसटले, तेही मग लगेच कळले: चारपेक्षा कमी केस असतील तर एलएलव्हीएम सहसा टेबल बनवतच नाही, आणि या टप्प्याच्या चाचण्यांमधील सर्व स्विच तेवढेच लहान होते.

मुदत जवळ आलेली असल्याने, जंप टेबल बंद ठेवण्याचा पर्याय देऊन लायब्ररी लगेच पाठवावी, अशी सूचना बैठकीत आली. मी तिला ठाम विरोध केला. डीकोडरचा तो स्विच अत्यंत वेगाने फिरणाऱ्या लूपमध्ये होता. तिथे एका उडीच्या जागी तुलनांची साखळी आणणे म्हणजे बॅकएंडमधील उणिवेचा भार ग्राहकाच्या प्रोसेसरवर टाकणे होते. खरी दुरुस्ती एका बेरजेची होती. मात्र ती बेरीज फक्त पोझिशन-इंडिपेंडंट कोडमध्येच व्हावी लागते, कारण पूर्ण पत्त्यात टेबलचा पत्ता मिळवला की तितकीच चुकीची उडी बसते. म्हणून एकच मोठा स्विच दोन्ही प्रकारांनी कंपाइल करून तपासणारी चाचणी जोडली. संध्याकाळी तीच लायब्ररी दोन प्रक्रियांमध्ये दोन वेगळ्या पत्त्यांवर लोड झाली आणि दोन्हीकडे डीकोडरचे उत्तर बिट न् बिट सारखे आले.