रद्द झाला म्हणजे सुटलो का?

"ताई, तो ओव्हरटाइमचा नवा नियम कोर्टाने रद्द केला म्हणे. म्हणजे आपण सुटलो ना?"

न्यू जर्सीत एडिसनला मी छोट्या दुकानदारांचं आणि रेस्टॉरंटवाल्यांचं पेरोल, म्हणजे नोकरांच्या पगाराचे हिशेब, बघते. हा प्रश्न मला फोनवर विचारला जातो, गणपतीच्या आरतीनंतर विचारला जातो, एकदा तर बारशाच्या पंगतीत विचारला गेला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

रद्द झालाय हे खरं. अमेरिकेत आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाचे दीडपट पैसे द्यावे लागतात. मॅनेजर वगैरे मंडळींना त्यातून वगळता येतं, पण त्यांचा बांधलेला पगार एका रकमेच्या खाली नसावा लागतो. ही रक्कम आठवड्याला ६८४ डॉलर होती. १ जुलै २०२४ पासून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारने ती ८४४ केली आणि जानेवारी २०२५ पासून १,१२८ करणार होते. १५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्ससच्या फेडरल कोर्टाने ते सगळंच उडवलं. पुन्हा ६८४.

माझ्याकडच्या एका दादांनी जुलैत मॅनेजरचा पगार निमूटपणे ८४४ वर नेला होता. निकालाची बातमी आली तशी त्यांचा फोन आला, "आता खाली आणू का?" म्हटलं, आणता येईल, पुढच्या तारखेपासून आणि त्याला आधी सांगून. पण आधी कागद-पेन घ्या. जानेवारीपासून आपल्या राज्याचं किमान वेतन तासाला १५.४९ होतंय. तुमच्याकडे भांडी घासणारा मुलगा आठवड्याला ५० तास राबला, तर ओव्हरटाइम धरून त्याचे जवळपास ८५२ होतात. तेवढेच तास उभा राहून मॅनेजर नेणार ६८४. चाव्या कोणाकडे ठेवायच्या ते तुम्हीच ठरवा. दादा बराच वेळ गप्प होते. पगार ८४४ वरच राहिला. (२०२६ मध्ये किमान वेतन १५.९२ झालंय, म्हणजे तो मुलगा आणखी पुढे गेला.)

फेडरल नियम गेला म्हणजे सुटलो, ही आपल्या लोकांची गल्लत कुठून येते ते मला माहीत आहे. भारतात कामगार हा विषय केंद्राचाही आणि राज्याचाही. दोघांत खटका उडाला, तर बहुतेक वेळा केंद्राचं चालतं. तीच सवय घेऊन आपण इथे येतो. इथे १९३८ चा फेडरल कायदा स्वतःच सांगतो की राज्याने याहून जास्त दिलं तर ते जास्तीचं द्यायचं. फेडरल कायदा म्हणजे नुसतं जोतं, वर मजले किती चढवायचे ते राज्य ठरवतं. फेडरल किमान वेतन २००९ पासून ७.२५ वर थिजलंय, तेवढ्यात इथे कोणी कांदा चिरायला उभं राहणार नाही. आणि हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात दुसरी शाखा काढलीत, तर मॅनेजरसाठी तो ६८४ चा आकडा २०२६ मध्ये १,२७५ होतो.

आणखी एक समजूत घट्ट बसलेली आहे : "त्याला बांधलेला पगार देतो, मग ओव्हरटाइम कसला?" पगार ही झाली एक अट, दुसरी कामाची. दिवसभर तवा आणि तंदूर सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्याला १,५०० द्या, कार्डावर 'किचन मॅनेजर' छापा, तरी तो कुकच. हाताखाली माणसं आहेत का, कोणाला ठेवायचं नि कोणाला काढायचं यात त्याचा शब्द चालतो का, हे बघतात. ओव्हरटाइमची तक्रार झाली की मागचे तास मोजायला बसावं लागतं, आणि तेव्हा मालकाकडे तासांची वही नसते. वही ठेवा. साधी शंभर पानी चालेल.

'ओव्हरटाइमवर टॅक्स नाही' हेही डोक्यातून काढा. ती २०२५ पासूनची सवलत कामगाराच्या इन्कम टॅक्समधली आहे. तुम्हाला दीडपट द्यायचीच आहे आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनची वर्गणी) कापायचीच आहे.

नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये असा करार लिहून घेण्यावर एफटीसीने (व्यापारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी फेडरल संस्था) आणलेली देशव्यापी बंदीही अशीच गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये टेक्ससच्याच एका कोर्टाने ती अडवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एफटीसीने अपील सोडून दिलं. आयटीवाल्या एका ग्राहकाने आनंदाने जुनं कलम पुन्हा ऑफर लेटरमध्ये घातलं. ज्या मुलीला ते पाठवलं, ती कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला घरून काम करणार होती! कॅलिफोर्नियात असली कलमं १८७२ पासून चालत नाहीत. आता तर ती नुसती घालणंही बेकायदा आहे, सही कुठेही झालेली असो.

उलट आपल्या राज्याने १ जून २०२५ पासून नवीन नियम आणलाय : दहा किंवा जास्त माणसं असतील, तर नोकरीच्या जाहिरातीत पगाराचा आकडा हवा. ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानात मी कागद वाचला, 'कुक पाहिजे. पगार योग्यतेनुसार.' नंबर ओळखीचा होता. फोन केला. "माझ्याकडे आठच माणसं आहेत की!" शनिवार-रविवारी येणारी पोरं? "ती तीन... बरं, अकरा." रात्री त्यांनी नवा कागद लावला : तासाला २० ते २४ डॉलर.

सकाळी पहिली चौकशी त्यांच्याच किचनमधून आली. जुना कुक १९ वर होता.