पांढऱ्या रश्श्यासोबतची लाल वाइन

तांबडा रस्सा आणि रेड वाइन यांची तोंडात गाठ घालून देऊ नका. जीभ पेटलेली असताना वाइनचा घोट घेतला की अल्कोहोल तिखटाची आग आणखी भडकवतं. त्यावर वाइनचा तुरटपणा असा चढतो की फळाची चव, वास, सगळं बाजूला पडतं. कोल्हापुरात मामांच्या घरी जेवताना याची पुरती खात्री झाली, आणि त्याच ताटातल्या दुसऱ्या वाटीनं उत्तरही दिलं. हे लिहितेय ते त्या वाटीसाठी.

बाटली अकलूजची होती. पंढरपूरला दर्शन झालं आणि नवऱ्यानं गाडी तिकडे वळवली. उसाच्या या पट्ट्यात 'फ्रातेल्ली' या वाइन कंपनीचे द्राक्षमळे आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून उभारलेले. वाइन घडवायला इटलीतल्या टस्कनीतून पिएरो मासी आले आणि त्यांच्यासोबत टस्कनीचं लाडकं द्राक्षही माळशिरस तालुक्यात रुजलं, सांजोवेझे. इटलीत ज्या द्राक्षावर कियांती ही प्रसिद्ध रेड वाइन उभी आहे तेच हे. खायच्या द्राक्षापेक्षा बारीक, बियांचं. फेब्रुवारी असल्यानं काढणी चालू होती. ऊन चढायच्या आत घड उतरवायचे म्हणून बायका पहाटेच मळ्यात शिरतात. मी एक मणी तोंडात टाकला. आधी भरपूर गोड लागला, मग साल चावली तशी जीभ कोरडी पडली.

वेळापूर, सांगोला, नागज, मिरज असा रस्ता. कवठे महांकाळच्या बाजूला बेदाण्याच्या शेड दिसायला लागल्या. जाळ्यांवर थरावर थर हिरवी द्राक्षं वाळत पडलेली. द्राक्षाची साखर टिकवून ठेवायचा हा आपल्याकडचा जुना धंदा. आणि जिच्यात हीच साखर संपवून टाकतात ती वाइनची बाटली मागच्या सीटवर ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती.

कोल्हापुरातली पहिली रात्र आम्ही हॉटेलवर काढली, आणि तिथल्या जेवणाचा राग अजून गेलेला नाही. कार्डावर 'महाराष्ट्राची रेड वाइन' वाचून मोठ्या उत्साहानं एक ग्लास मागवला. आला तो कोमट. बाटली काउंटरमागे दिव्याखाली उभी, कधी उघडली होती कोण जाणे. वास सरळ व्हिनेगरचा. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "मॅडम, रेड वाइन रूम टेंपरेचरलाच देतात." अहो, ती रूम युरोपातली, थंडीतली! ते तापमान सोळा ते अठरा अंशांचं असतं. आपल्याकडे फेब्रुवारीतल्या बंद खोलीतही ते मिळत नाही. आपल्या हवेत रेड वाइन पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. कोमट वाइनमध्ये नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं आणि माणूस ठरवून टाकतो की इथली वाइन वाईट. ती वाईट नसते, तिचे हाल केलेले असतात. द्राक्ष पिकवणाऱ्यांच्या वर्षभराच्या मेहनतीची अशी माती होताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी अंबाबाईचं दर्शन, गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध, दुपारी झोप. संध्याकाळी मामांकडे.

मामा म्हणजे नवऱ्याचे धाकटे मामा. त्यांचा जन्म शाहूपुरीत गुळाच्या व्यापारात गेला. सौद्याला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडायचा, कण बघायचा, खडा जिभेवर ठेवायचा आणि लगेच बोलायचं नाही, कारण मागून खारट चव येते का ते कळायला वेळ लागतो, हे त्यांचं रोजचं काम. बाटली बघून मामींनी आधी भुवया चढवल्या, मग फ्रिजमधली ताकाची बरणी हलवून तिला जागा केली.

मामांनी पेला उजेडासमोर धरला. सांजोवेझेचा रंग काळपट नसतो. लालभडक, पण पलीकडचं दिसेल इतका पातळ.

"रंग वरनं घालत्यात?"

"नाही मामा. रस पांढराच असतो. रंग सालीचा. सालीसकट आंबवतात म्हणून उतरतो."

"आणि साखर? उसाचा रस वीस ब्रिक्सच्या आसपास. ह्येचा?" ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप.

"बावीस-चोवीस असला की द्राक्षं काढतात."

त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि गप्प बसले. खड्याला जेवढा वेळ देतात तेवढाच वेळ दिला. मामीही हातातला डाव तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मग गेली कुठं साखर?"

"यीस्टनं खाल्ली. तिचंच अल्कोहोल झालं."

"म्हंजे गोडवा सगळा जाळून टाकला, आणि राहिलं ते आंबट नि तुरट. जांभूळ खाल्ल्यावर कसं हुतंय तसं." पुन्हा थांबले. "पण माल स्वच्छ हाय. मागनं काय वंगाळ येत न्हाई."

टेस्टिंग रूममध्ये मी पुष्कळ वर्णनं ऐकली आहेत. इतकं नेमकं एकही नव्हतं. सांजोवेझेची ओळख ती हीच. ठसठशीत आंबटपणा, लाल फळाचा वास, आणि हिरड्यांना जाणवणारा कोरडा तुरटपणा.

मग ताटं आली. सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, कांदा. तांबड्यावर घेतलेल्या घोटानं काय केलं ते वर लिहिलंच आहे. मामांनी तर पेला दूर सारला. मी पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ, पांढरी मिरी. लाल तिखटाचा कणही नाही. त्यावर वाइन घेतली आणि मघाचा तुरटपणा विरघळलाच! टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरट घटक, एरवी लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. इथं त्याला मटणाच्या रसातली प्रथिनं आणि नारळाची स्निग्धता आयतीच मिळाली. उलट्या बाजूनं वाइनचा आंबटपणा त्या जड रश्श्याला उचलून धरत होता. दुसरी वाटी जास्त हलकी लागली, तिसरी त्याहून.

"मामा, पांढऱ्यावर घेऊन बघा."

त्यांनी घेतली. या वेळी थांबले नाहीत. "आरं, ही तर गोड लागाय लागली!"

"मी पण बघतो की एक घोट," मामी म्हणाल्या आणि मामांचाच पेला उचलला. नारळ कुणी खवला, रस्सा कुणी केला, मग पहिलं मला का नाही दिलं, असं वर सुनावलंही. खरंच होतं त्यांचं. त्या रात्री वाइनला सांभाळून घेतलं ते त्यांच्या हातच्या रश्श्यानं. मला चीजचे चौकोनी तुकडे काडीला टोचून देणारी कुठलीही जागा आता फिकी वाटते. आपल्या मातीतली वाइन आपल्या पंगतीत बसते, फक्त वाटी कोणती ते बघावं लागतं. कोल्हापुरातल्या एखाद्या खानावळीनं पांढऱ्या रश्श्यासोबत थंड केलेला ग्लास द्यायला सुरुवात केली, तर पुण्याहून मी तेवढ्यासाठी येईन.

रंकाळा राहिला, पन्हाळा राहिला. सकाळी लवकर निघालो. बाटलीत उरलेली थोडी वाइन बूच लावून मामींच्या फ्रिजमध्येच सोडली होती.

रात्री नऊला मामांचा फोन. उरलेलं सुकं मटण आणि उरलेली वाइन घेऊन बसले होते.

"सूनबाई, कालच्यापेक्षा तुरटपणा उतरलाय बघ. हवा लागली म्हणून काय?"

"हो मामा, त्यामुळंच. पण उद्यापर्यंत ठेवू नका, आंबेल."

"ठेवतंय कोण! दुसऱ्या कुठल्या द्राक्षाची मिळती?"

मी नाशिकच्या शिराज द्राक्षाच्या वाइनबद्दल सांगितलं, की तिच्या वासात काळ्या मिरीची झाक असते.

"मिरी? मग सुक्यावरच बघायला पायजे. येताना आण. मी मटण सांगून ठेवतो."