बिनदाताचं बकेट

कोल्हापुरात जेसीबी सुरू झाला की माणसं जमायला वेळ लागत नाही. चर गटारीची असो की पाण्याच्या पाइपची, दूध आणायला निघालेला गडी गाडी स्टँडला लावून तिथंच उभा राहतो. मागून येणारा विचारतो, "काय गावलं काय?" काही गावलेलं नसतं, तरी कोणी हलत नाही.

इंग्लंडात याच कामाचा पगार मिळतो हे वाचल्यावर आमच्या पेठेतल्या निम्म्या मंडळींवर अन्याय झालाय असं वाटलं. लंडनला थेम्सकाठची जुनी गोदी किंवा कारखाना पाडून इमारत बांधायची, तर परवानगीतच अट येऊ शकते : पाया खणताना पुरातत्त्वाचा माणूस हजर पाहिजे आणि त्याचा खर्च बिल्डरनं द्यायचा. १९८९ साली तिथं एका बांधकामात 'रोझ' या सोळाव्या शतकातल्या नाट्यगृहाचा पाया निघाला, मोठा गदारोळ झाला, आणि १९९० मध्ये सरकारनं तशी नियमावलीच काढली.

हा माणूस करतो काय? हेल्मेट घालून मशीनशेजारी उभा राहतो आणि बघतो. ऑपरेटरकडं त्याचं एकच मागणं असतं, बिनदाताचं बकेट लाव. दात असले की माती ओरबाडली जाते, थर एकमेकांत मिसळतात. सपाट धारेनं साय काढावी तशी माती काढली, तर तिचा बदललेला रंग दिसतो. राखाडी पट्टा दिसला की बॉयलरची राख, तांबडा दिसला की पाडलेल्या भिंतीचा चुरा. त्याखाली नदीचा काळा ओला गाळ. तिथं हवा पोचत नाही म्हणून जुन्या धक्क्याचे लाकडी खुंट न कुजता उभे असतात. असं काही दिसलं की हात वर करायचा. मशीन थांबतं, फोटो निघतात, टेप लागते. आणि काहीच निघालं नाही, तरी अहवाल लिहायचाच. 'इथं काही गावलं नाही' हे तारीख घालून लिहून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आपल्याकडं नदीकाठी खणलंच नाही असं नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. खाली सातवाहनांच्या काळातलं गाव होतं. पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीचीच. घाट चढून ती इथवर आली कशी, हा विचार करत तिच्यापुढं बराच वेळ काढता येतो. ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. सहलीची पोरं तिला ओलांडून तलवारी बघायला पळतात.

पण दोन हजार वर्षं जुनं असलं की त्याला आपोआप मान मिळतो. मला काळजी आहे ती वरच्या हातभर थराची. १९०६ साली सुरू झालेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली, पण तिचा निदान दबदबा होता, नाव राहिलं. नदीकडच्या वीटभट्ट्या, गुऱ्हाळांच्या चुलवाणांची राख, उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतल्या फाउंड्र्यांतून निघून कुठल्या कुठल्या प्लॉटात पडलेली ओतकामाची काळी वाळू, यांचं नाव कोण ठेवणार? "त्यात काय बघायचं, भराव हाय त्यो," म्हणून ऑपरेटर मोकळा होतो. त्याचं भाडं तासावर असतं, त्याला दोष कसा द्यायचा?

त्या थरावर नदी आपली भर घालतेच आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी, आणि २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. दोन्ही पुरांचा गाळ काठावर बसलाय. पुढं कधी कोणी बिनदाताचं बकेट घेऊन आलाच, तर गुटख्याच्या पुडीवरची तारीख वाचून त्याला थराचं साल काढता येईल. सातवाहनांनी एवढी सोय ठेवली नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे. जमिनीत दडवलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. काळ्या वाळूत निघालेला बिडाचा एक बरासा तुकडासुद्धा भंगारात याहून जास्त देऊन जाईल. पण तो कोणी दडवलेला नसतो, टाकलेला असतो, म्हणून कायद्यात बसत नाही. बसला असता तर अर्धं उद्यमनगर कलेक्टर कचेरीपुढं रांगेत दिसलं असतं, आणि ती रांग बघायला उरलेलं अर्धं.