आजोबांचे कान

गेले तीन रविवार आम्ही घरचे सगळे फोंड्याजवळच्या एका चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन बसतोय. आजोबांनी ज्या मराठी शाळेत तीसेक वर्षं शिकवलं तिथल्या जुन्या मुलांनी वर्गणी काढून त्यांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलंय, आणि मूर्तिकाराने पहिल्याच दिवशी सांगितलं की फोटो आणा, पण सगळ्या बाजूंचे आणा. तिथेच अडलं. आजोबांचे फोटो घरभर शोधून मिळाले अकरा आणि अकराही समोरून, लग्नातला, निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला, बँकेच्या पासबुकावरचा. बाजूने एकही नाही, आणि मागून कोण कोणाचा फोटो काढतं?

मूर्तिकाराने ते सगळे टेबलावर मांडले, बराच वेळ बघितले आणि विचारलं, "घरांत कानांनी आजोचेर कोण गेला?" म्हणजे आजोबांसारखे कान कोणाचे. आम्ही सगळ्यांनी एकदम दादाकडे बघितलं. मग दादा स्टुलावर, आणि कॅलिपरने त्याच्या कानाची उंची, कान आणि नाकाच्या टोकातलं अंतर, डोक्याच्या मागचा उतार, सगळं मोजून झालं. कान म्हणे माणसाच्या ओळखीत फार असतो, समोरच्या फोटोत तो फक्त एक रेघ असतो म्हणून आपल्याला कळत नाही.

मला हे इतकं लागून राहिलं की घरी येऊन रात्री वाचत बसले. तर हाच प्रश्न इंग्लंडच्या राजालाही पडला होता. पहिल्या चार्ल्सला शिल्पकार बर्निनीकडून संगमरवरी बस्ट, म्हणजे अर्धपुतळा, हवा होता, पण राजा लंडनला आणि बर्निनी रोमला. मग चित्रकार व्हॅन डाइकने एकाच कॅनव्हासवर राजाचे तीन चेहरे रंगवले, एक समोरून, एक पूर्ण बाजूने, एक अर्धा वळलेला, आणि ते चित्र रोमला गेलं. १६३६ चा सुमार. बर्निनीने राजाला समोर न बसवता नुसत्या त्या चित्रावरून दगड घडवला. तो बस्ट पुढे १६९८ मध्ये व्हाइटहॉल राजवाड्याच्या आगीत गेला, चित्र मात्र राहिलं. आमच्याकडे उलटं व्हायचंय, फोटो पिवळे पडतायत आणि चेहरा ब्राँझमध्ये राहणार आहे.

आणि बघा, त्याच १६९८ मध्ये आपल्या जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालचं संगमरवरी काम उभं राहिलं. ते फ्लॉरेन्सच्या फोजिनीचं, तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याचा दरबारी शिल्पकार, त्या घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने भेट म्हणून पाठवलेलं, तुकडे जहाजातून आले आणि इथे जोडले. याच फोजिनीने आपल्या धन्याचेही बस्ट केलेत, मोठा केसांचा टोप, जाड ओठ, काही लपवलेलं नाही. पाहुणे आले की मी दर वेळी बॅसिलिकात जाते, पण त्या दगडामागे माणसांचे चेहरे करणारा हात आहे हे मला आत्ता कळलं.

पुतळा आणि बस्ट यात माझ्या मते खरा फरक हातांचा. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारचा, संमोहन करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा आठवा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ मध्ये केलेला. त्यातल्या बाईवर पसरलेले हात आपण बघतो, संमोहनाची सगळी गोष्ट त्या हातांतच आहे, फारियाचा चेहरा कितीजणांना आठवेल? बस्टला ती सोय नाही. खडू धरलेला हात दाखवता येत नाही, आजोबा मास्तर होते हे डोळ्यांत आणि ओठांच्या कोपऱ्यात आलं तर आलं.

रोमन लोक यात फार पुढे गेले होते. मोठ्या घरांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटात ठेवलेले असत आणि घरात कोणी गेलं की अंत्ययात्रेत माणसं ते घालून चालत, म्हणजे सगळे वाडवडील पोचवायला आलेले. आपल्याकडे शिवलिंगावर मुखवटा चढवला की देवाचं रूप समोर उभं राहतं, बाकी अंगाची गरज लागत नाही, तेव्हा हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. प्रजासत्ताकाच्या काळातले रोमन बस्ट बघा, सुरकुत्या, ओघळलेले गाल, टक्कल, सगळं मोठ्या मानाने केलेलं. डोळे आधी नुसते रंगवायचे, सम्राट हेड्रियनच्या काळापासून बुबुळं कोरायला लागले आणि दगड बघायला लागला. बस्ट कुठे थांबवायचा हेही तिथे बदलत गेलं, आधी मानेपाशी, मग खांद्यापर्यंत, मग पार छाती आणि दंडापर्यंत. नुसत्या त्या कापावरून अभ्यासक बस्टचा काळ सांगतात!

आमच्या घरी तीन दिवस याच कापावरून वाद चाललाय. बाबांना खांद्यावर उपरणं हवंय कारण सत्काराच्या फोटोत आहे. काका म्हणतात कोट. मला मान आणि गळ्याची हाडं एवढंच हवं, कारण आजोबा उपरणं वर्षातून एकदा घ्यायचे आणि कोट त्यांचा नव्हताच, फोटोसाठी शेजाऱ्यांचा आणला होता. मूर्तिकार काही बोलला नाही, त्याने मातीत दोन्ही खांदे करून ठेवलेत, वर ओलं फडकं, आतल्या सळईचं टोक दिसतंय.

काल आजीला घेऊन गेलो. तिने समोरून बघितलंच नाही, सरळ मागे गेली आणि म्हणाली, डोकं एवढं गोल नव्हतं, इथे चपटं होतं, तेल मी घालायचे. मूर्तिकाराने तिचा हात धरून मातीवर ठेवला आणि म्हणाला, "दाखय गे आजी, खंय?" तिने अंगठ्याने दाबलं. तिथे आता तसंच ठेवलंय.

साचा चवथीनंतर घेणार, तोवर चित्रशाळेत गणपतीच गणपती.